सरिताची अकरा अर्धवट कामे

मी, ज्योत्स्ना नत्थूजी गुल्हाने, वय पंचाहत्तर, अविवाहित, शिक्षण बी.एस्सी., सेवाग्रामच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते या कागदावर स्वतः लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे, कारण कलम सहा वाचल्यावर माझ्या भावाचा मुलगा अनुप याला शंका येईल. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात खोटे काही नव्हते, पण मला तेव्हा पुरेसे माहीत नव्हते.

कलम १. घर.

सेलू येथील तीन खोल्यांचे घर, मागचे अंगण व बोअरवेलसह, मी १९८५ साली माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलांचा किंवा भावाचा पैसा नाही. हे घर माझी दिवंगत बहीण सरिता हिची मुलगी दिपाली हिला मिळावे. दिपाली नागपूरला एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवते. तिने येथे राहावे किंवा राहू नये, मी अट घालत नाही.

अनुपचा यावर हक्क नाही. वडिलांचे कापडाचे दुकान त्याच्याकडे आहे आणि ते चांगले चालते. तो मागच्या दिवाळीत म्हणाला, "आत्या, तुह्यं घर रोडवरच आहे. खाली दोन गाळे काढू, वर तुले खोली बांधून देतो. वर राहाजो आरामात." मी त्याला सांगितले की मला वर जायची इतकी घाई नाही. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजायला माणूस आला. त्या माणसाला मी चहा पाजून परत पाठवले. अनुप वाईट मुलगा नाही. त्याला रिकामी जागा सहन होत नाही, एवढेच.

कलम २. बँकेतील ठेव.

ती दिपालीला. अनुपच्या मुलीला पुढे शिकायचे असेल तर त्यातून दिपालीने समजुतीने द्यावे.

कलम ३. हत्यारे व साहित्य.

निवृत्तीनंतर मी भरतकाम, विणकाम, जलरंग, लाकडावरचे कोरीवकाम, पुस्तकबांधणी, कागदाच्या लगद्याचे मुखवटे आणि बुलबुलतरंग हे तारवाद्य दुरुस्त करणे इतके शिकले. सेलूत मला छंदवाली बाई म्हणतात. ते मी खोडून काढले नाही.

कोरण्याच्या पटाश्या व सागवानाच्या फळ्या माझे जुने सहकारी प्रेमदास यांना द्याव्यात. पटाश्यांना धार मी लावून ठेवली आहे, त्यांनी पुन्हा लावू नये. पुस्तकबांधणीचा शिकंजा सेलूच्या वाचनालयाला. भरतकामाचे मोठे गोल कडे शेजारच्या रुख्माबाईंकडे सहा वर्षे आहे. ते आता त्यांचेच समजावे, परंतु त्यांनी एकदा तरी विचारायला हवे होते.

तालुक्याच्या हस्तकला प्रदर्शनात माझ्या सागवानी चौकटीला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या गणपतीला दिला. परीक्षकांना मी क्षमा केलेली नाही. बक्षिसाची ढाल अनुपने दुकानात ठेवावी. त्याला चकाकणाऱ्या वस्तू आवडतात.

कलम ४. हे छंद कोणाचे.

हे छंद माझे नाहीत. ते सरिताचे आहेत, आणि या कागदाचे खरे काम येथून सुरू होते.

सरिता माझ्याहून सात वर्षांनी लहान. लग्नानंतर ती पुलगावला होती. नवरा अपघातात गेल्यावर १९८७ साली तीन वर्षांच्या दिपालीला घेऊन ती माझ्याकडे राहायला आली आणि १९९३ साली काविळीने वारली. मागे तिने अकरा कामे सोडली. सगळी अर्धवट. पळसफुलांचा टेबलक्लॉथ, पक्ष्यांच्या चित्रांची वही, एका बाहीचा स्वेटर, कोरायला घेतलेली सागवानी चौकट, तीन मुखवटे, वगैरे. संपूर्ण यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. मी तिला जिवंतपणी अर्धवट म्हणत असे, चेष्टेत नाही. तिच्या मागे दिपालीला मी वाढवले आणि तिलाही वारंवार सांगितले, "तुझी आई हुशार होती, पण तिने आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही. तू तिच्यावर जाऊ नकोस."

२००८ साली निवृत्त झाल्यावर मी ठरवले की ही कामे पुरी करायची. प्रत्येकासाठी ती ती कला शिकले. मुखवट्यांसाठी नागपूरला दहा रविवार गेले. बारा वर्षांत सात कामे पुरी केली. लोकांनी वाखाणली. मला वाटत होते की मी बहिणीचे ऋण फेडते आहे.

आता हाताविषयी.

सरिता जन्मतः डावखुरी होती. आमचे दुकान होते. सकाळची बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, डाव्या हाताची झाली तर दिवस बुडाला असे वडील मानत. सरिताला दुकानात बसायची हौस होती. १९६७ च्या चैत्रात तिने पहिल्याच गिऱ्हाइकाला डाव्या हाताने गज धरून कापड मोजून दिले. ते गिऱ्हाईक कापड तसेच ठेवून उठून गेले. त्याच आठवड्यात केळझरला गणपतीच्या देवळात तिने प्रसादाला डावा हात पुढे केला आणि वडिलांनी सगळ्यांसमोर त्या हातावर मारले. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "ज्योत्स्ना, मारून पाह्यलं, होत नाई. अन् माह्यानं आता मारवतही नाई. तू कॉलेजात जातेस, तूच हिचा हात सरळ करून दे."

मी सतरा वर्षांची होते. मला काम दिले की मी ते पूर्ण करते.

आईने जुन्या लुगड्याची किनार फाडून दिली आणि म्हणाली, "दुखन असं बांधू नको, बाई." मी दुखेल असे बांधले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत सहा आठवडे, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत, मी सरिताचा डावा हात तिच्या कमरेशी बांधून ठेवला. उजव्या हाताने पाटी लिहून घेतली, भाकरी मोडून घेतली, केस विंचरून घेतले. ती दहा वर्षांची होती. पहिल्या आठवड्यात रडली. दुसऱ्यात मला बोलेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी ती स्वतः येऊन हात कमरेशी धरून माझ्यासमोर उभी राहू लागली. मी ते यश समजले. जूनमध्ये ती उजव्या हाताने लिहीत शाळेत गेली आणि वडिलांनी मला मनगटी घड्याळ घेऊन दिले. ते घड्याळ मी दोन वर्षांपूर्वी अंगणात पुरले आहे. कोणी शोधू नये.

कलम ५. मला काय दिसले.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या उजव्या बाजूला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. हाताची मूठ वळते, पण चिमटीत सुई राहत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितले, डाव्या हाताला कामाला लावा. मी एका चिंधीवर डाव्या हाताने पळसाचे फूल भरायला घेतले. टाके वाकडे आले, पण ज्या बाजूला कलले ती बाजू मी कुठेतरी पाहिली होती.

मी पुरा केलेला टेबलक्लॉथ काढला. पहिल्या अर्ध्या भागात सगळे टाके त्याच बाजूला कललेले होते.

पस्तीस वर्षे मी तपासणीसाठी मेणात घट्ट केलेले मांसाचे तुकडे केसाहून पातळ कापून काचेवर ठेवले आहेत. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे मला दिसते. मी भिंग घेतले आणि अकराही वस्तू पलंगावर मांडल्या. चित्रांच्या वहीत पेन्सिलीच्या छायारेषा डाव्या हाताच्या कलाने पडल्या आहेत. चौकटीवर पटाशीचे घाव डाव्या बाजूने आले आहेत. प्रत्येक वस्तू सुरुवातीला सफाईची आहे, इतकी की माझे पुरे केलेले काम तिच्या कामाशेजारी शाळकरी दिसते. नंतर बोटभर जागेत काम एकदम बिघडते. टाके घट्ट, रेषा थरथरती, कल उजव्या हाताचा. आणि तिथेच ते थांबते.

मग मला आठवले. मी कामावरून आले आणि खिडकीच्या खोलीत डोकावले की सरिता नेहमी उजव्या हाताने काम करताना दिसे आणि तिचा डावा हात मांडीवर पालथा पडलेला असे. मी म्हणत असे, "किती गचाळ करतेस." आणि ती वस्तू ती पुन्हा हातात धरत नसे.

सरिता अर्धवट नव्हती. प्रत्येक काम जिथे थांबले आहे तिथे मी खोलीत आले होते. अकरा वेळा. आणि त्यातल्या सात जागांवर मी माझ्या हाताने काम करून ती खूण बुजवून टाकली.

कलम ६. खिडकीची खोली.

हे कलम वकिलांनी गाळायला सांगितले. मी गाळत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यापासून खिडकीच्या खोलीतून संध्याकाळी आवाज येतो. ताणलेल्या कापडातून दोरा ओढल्याचा. मला भुताखेतांवर विश्वास नाही. मी उंदीर पाहिले, वाळवी पाहिली, पंखा काढून ठेवला, खिडकीचा पडदा काढला. प्रयोगशाळेतल्या सवयीने वहीत तारीख आणि वेळ टिपली. आजपर्यंत एकतीस नोंदी आहेत. आवाज पाचनंतर येतो आणि साडेपाचच्या सुमारास थांबतो. त्याआधी मी उंबऱ्यापर्यंत गेले तर तेव्हाच थांबतो. दार उघडले की खोलीत काही नसते. फक्त ती शांतता मला ओळखीची आहे. माझ्या येण्याने पडलेली.

दुसरी गोष्ट. मी स्वतः त्या खोलीत डाव्या हाताने काम करत बसते तेव्हा पाठीमागे दारात कोणी उभे असल्यासारखे वाटते. मी वळून पाहत नाही. पण माझ्या नकळत सुई उजव्या हातात गेलेली असते, ज्या हाताला आता ती धरताही येत नाही, आणि खाली पडते. दहा वर्षांच्या मुलीला काय वाटत होते ते मला पंचाहत्तराव्या वर्षी कळले. ते कळावे म्हणून ती दारात उभी राहत असेल, की नुसती बघत असेल, मी सांगू शकत नाही. रागावलेली वाटत नाही. रागावलेली असती तर बरे झाले असते.

या घरात जो कोणी राहील त्याने त्या खोलीत जाण्यापूर्वी अंगणातून आवाज द्यावा आणि थोडे थांबावे. हा हुकूम नाही, विनंती आहे. विनंती करायची मला सवय नाही.

कलम ७. मागे घेतलेले वाक्य.

२००५ साली दिपाली नागपूरला चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचे शिक्षक तिला मानत. एका सकाळी तिचा फोन आला. "मावशी, मी कॉलेज सोडून राह्यली. तू म्हणे ना, आईवर जाऊ नको. गेलीच मी. माह्यानं काही पुरं होत नाई." मी म्हणाले, "तसंच दिसतंय."

यापेक्षा जास्त मी काही बोलले नाही. तिने त्यानंतर ब्रश धरला नाही. वीस वर्षे झाली.

घर आणि ठेव कोणीही कोणालाही देऊ शकते. मला दिपालीला जे द्यायचे आहे ते हे: तुझी आई कधीच काही पुरे करत नसे, हे वाक्य मी मागे घेते. ते चुकीचे होते, आणि त्या चुकीचे कारण मीच होते. जे तुझ्या आईत नव्हते ते तुझ्यात तिच्याकडून येऊ शकत नाही.

कलम ८. अकरा वस्तू.

येथे मी प्रथम असे लिहिले होते: सरिताच्या अकराही वस्तू दिपालीला. त्यातील पुऱ्या केलेल्या सातांवरचे माझे काम मी उसवून, खरवडून काढत आहे. तीन झाल्या आहेत. माझ्या हयातीत उरलेल्या चार न झाल्यास दिपालीने त्या जाणकाराकडून उसवून घ्याव्यात, म्हणजे सरिताचे काम जिथे थांबले तिथपर्यंतच उरेल आणि माझा हात त्यावर राहणार नाही.

हे लिहून झाल्यावर मी कागद घडी करून ठेवला. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. कलम सात तोवर थांबवणे म्हणजे बोलायच्या वेळी पुन्हा गप्प बसणे झाले असते. मी दिपालीला फोन करून रविवारी बोलावले. ती आली. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटू लागले. डाव्या हाताने पोळ्या गोल होत नाहीत.

पुढचे बोलणे वकिलांच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. पण खालची दुरुस्ती त्यावरून झाली म्हणून लिहिते.

बऱ्याच वेळाने दिपाली दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, हे मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आई डाव्या हातानं करे. मी खिडकीत बसत जाव. साडेपाचची तुही बस दिसली का मी सांगो, मावशी आली. मंग आई हात बदले. तेच माह्यं काम होतं."

मी लाटणे खाली ठेवले. विचारले, "मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस? घाबरत होतीस?"

"मी नाई घाबरत तुले. आईनं शपथ घातली होती. म्हणे, ताईले समजू देऊ नको. तिनं लय मेहनतीनं माहा हात सरळ केला, तिले वाईट वाटन."

मी दोन वर्षे धरून बसले होते की सरिता मला भीत होती. भीती मी समजू शकत होते. प्रयोगशाळेत, घरात मला लोक भीतच आले आहेत. तिला माझी दया येत होती हे माझ्या कोणत्याही नोंदीत नव्हते.

तव्यावरची पोळी जळली. दिपालीने ती उतरवली आणि गॅस बंद केला.

मी म्हणाले, "आईचा हात माहीत होता, तर माझं ते वाक्य खरं कसं मानलंस?"

"मी नऊ वर्षांची होती, मावशी. तू शिकलेली. तू म्हणशीन ते खरंच असन, असं वाटे." मग म्हणाली, "अन् एक दिवस मी खिडकीत नव्हती. बाहेर बोरं खात होती. तू आत आली, आईनं धांदलीत हात बदलला, अन् तिचा तो टेबलक्लॉथ तिथंच राह्यला. मले वाटे, तो माह्यानंच राह्यला."

म्हणजे त्या एका कापडाचे ओझे आम्ही दोघी एकाच घरात वेगवेगळे वाहत होतो, आणि मी तिला वर आणखी एक वाक्य दिले होते. मी तिला सांगितले की बोरे खाणे हा मुलांचा हक्क आहे आणि तो टेबलक्लॉथ माझ्या नावावर आहे. ती हसली नाही, पण तिने नाक पुसले आणि जेवायला बसली.

जेवण झाल्यावर तिने भिंग मागितले आणि सातही वस्तू पाहिल्या. उसवलेल्या तीन वस्तूंवर सुईची बारीक भोके उरली आहेत. तिने त्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "उसवू नको आता. पुरे झालं."

"माझं काम त्यावर कशाला हवं?"

"आईनं कुठवर केलं ते दिसू दे, अन् तू कुठून घेतलं तेही दिसू दे. तुह्ये टाके काढले तं आईनं काहून थांबवलं हे कोणाले समजन? लोक म्हणतीन, अर्धवट बाई होती. मी काम करतो ना छापखान्यात. चुकीची पत्रिका जाळता येते, पण ज्या वाटून झाल्या त्या वाटून झाल्या."

मी चाळीस वर्षांत तिला माझ्याशी असे बोलताना ऐकले नव्हते. तिचे बरोबर होते. उसवणे म्हणजे आपली खूण पुन्हा एकदा बुजवणेच होते.

म्हणून कलम ८ खालीलप्रमाणे दुरुस्त करते. उसवलेल्या तीन व न उसवलेल्या चार वस्तू जशा आहेत तशा राहाव्यात. प्रत्येकीमागे माझ्या अक्षरात एक चिठ्ठी लावली आहे: येथपर्यंत सरिता, डाव्या हाताने, येथून पुढे ज्योत्स्ना, न विचारता. ती काढू नये. मी ज्यांना हात लावला नाही अशा चार वस्तू, म्हणजे चित्रांची वही, स्वेटर, एक मुखवटा आणि तार नसलेली बुलबुलतरंग, यांचे काय करायचे ते सर्वस्वी दिपालीने ठरवावे. पुऱ्या कराव्यात असे मी म्हणत नाही. करू नयेत असेही नाही.

चित्रांची वही ती त्याच संध्याकाळी नागपूरला घेऊन गेली. त्यात शेवटच्या पानावर बोर धरणावरचा एक बगळा आहे, मानेपर्यंत काढलेला. ती काय करणार आहे हे मी विचारले नाही. निघताना ती म्हणाली, "येतो मावशी," आणि मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा सहा वाजून गेले होते. त्या दिवसाची नोंद मी वहीत केलेली नाही, कारण आवाज आला की नाही हे ऐकायला मी घरात नव्हते.

कलम ९. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपालीने करावी. माझा तेरावा करू नये. अनुपला काही केल्याशिवाय राहवत नसेल तर त्याने माझ्या नावाने एका दिवसाची बोहनी डाव्या हाताने करावी आणि दिवस बुडतो का ते पाहावे.

हे सर्व मी वाचले आहे. ते माझ्या मनाप्रमाणे आहे. उजव्या हाताने सही होत नसल्यामुळे खालची सही डाव्या हाताची आहे. ती बँकेतील नमुन्याशी जुळणार नाही. हीच ग्राह्य धरावी.

सही: ज्योत्स्ना नत्थूजी गुल्हाने
ठिकाण: सेलू, जि. वर्धा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदारांचे निवेदन: ज्योत्स्नाताईंनी हा कागद आम्हा दोघांसमोर पूर्ण शुद्धीत वाचून दाखवला व आमच्या देखत प्रत्येक पानावर डाव्या हाताने सही केली. त्यांचा हात कोणी धरला नाही. सहीला वेळ लागला. आम्ही थांबलो.

१. प्रेमदास रामटेके, निवृत्त तंत्रज्ञ, सेवाग्राम
२. डॉ. मेघा इंगोले, सेलू